वॉर्डबॉय, मावशी, पेशंट केअर असिस्टंट: रुग्णालयातल्या मुलाखतीची तयारी कशी करावी

मुलाखतीला आलेल्या एका मुलाला मी विचारलं, "सकाळी ऑपरेशनला जायचा पेशंट आहे. सहा वाजता तो तुमच्याकडे पाणी मागतो. काय कराल?" तो लगेच म्हणाला, "देईन ना सिस्टर. तहानलेल्याला पाणी द्यायला नको का?" मुलगा मनाने चांगला होता. पण भूल देताना पोटात पाणी किंवा अन्न असेल, तर ते उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणूनच पेशंटला उपाशी ठेवतात आणि पलंगापाशी 'एनबीएम'ची, म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही अशी, पाटी लावतात. पाणी न देता "थांबा काका, सिस्टरना विचारून येतो" एवढं तो म्हणाला असता, तर मी त्याला त्याच दिवशी घेतलं असतं.

महाराष्ट्रातल्या खाजगी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांत वॉर्डबॉय, मावशी, आया, कक्षसेवक, अटेंडंट, जनरल ड्युटी असिस्टंट अशा वेगवेगळ्या नावांनी जी भरती होते, त्या मुलाखतीबद्दल हा लेख आहे. सरकारी रुग्णालयांतली गट-ड ची कायम भरती लेखी परीक्षेने होते, तिची तयारी वेगळी. खाजगीत मात्र समोर मेट्रन (मुख्य परिचारिका) किंवा नर्सिंग सुपरवायझर, एचआरचा माणूस आणि कधी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर बसलेली असते. मी त्या बाजूला बरीच वर्षं बसले आहे. तुमचं इंग्रजी किंवा तुमची भाषणं आम्ही तपासत नाही. कोणतं काम आपलं, कोणतं नाही आणि जे आपलं नाही त्यासाठी कुणाला बोलवायचं, हे या माणसाला कळतं का, एवढंच बघत असतो.

आधी घरी बोला

अर्ज करण्याआधी हे काम खरोखर कसं असतं ते स्वतःशी आणि घरच्यांशी स्पष्ट बोलून घ्या. बेडपॅन द्यावं लागतं, उचलावं लागतं, धुवावं लागतं. डायपर बदलावे लागतात. उलटी पुसावी लागते. पेशंट गेला तर सिस्टरबरोबर देह बांधून शवागारापर्यंत न्यावा लागतो. रात्रपाळी असते. दिवाळीला आणि गणपतीतही ड्युटी लागते.

मुलाखतीत "मलमूत्राचं काम कराल का?" हे विचारलं जातंच. जो अडखळतो त्याच्यावर मी रागावत नाही, पण त्याला घेतही नाही, कारण तो आठव्या दिवशी सोडून जातो आणि तोपर्यंत एखाद्या आजींना ओल्या चादरीत पडून राहावं लागलेलं असतं. कधी हे काम केलं नसेल तर तसंच सांगा: "अजून केलं नाही, पण घरी आजोबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांचं सगळं मी केलं." घरचा अनुभव हाही अनुभवच असतो. तो सांगायला लाजू नका.

रात्रपाळीला सासूबाई किंवा नवरा नाही म्हणणार असतील, तर ते आधीच मिटवा. मुलाखतीत हो म्हणून नंतर रडत येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यात त्यांचेच हाल होतात.

कागदपत्रं

एका फाईलमध्ये आधार, पॅन, दहावीची मार्कशीट किंवा शाळा सोडल्याचा दाखला, कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र, आधीच्या ठिकाणचं अनुभवपत्र, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि चार फोटो ठेवा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स घ्या. मूळ कागद दाखवा आणि लगेच परत घ्या, कुणाकडेही ठेवू नका. पोलिसांकडच्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्रात ऑनलाइन करता येतो. तिला वेळ लागतो, म्हणून पावती हातात असली तरी चांगलं दिसतं.

हेपटायटिस बी ची लस घेतली असेल तर तिचं कार्ड न्या. नसेल तर सुरू करा. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येकाला ती हवी. "लस घ्यायला सुरुवात केली आहे" हे उमेदवाराकडून न विचारता ऐकायला मिळालं, तर त्याने कामाचा विचार केला आहे हे कळतं.

नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. युनिफॉर्मचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, साहेबांचा चहा, नाव काहीही असो. कामगार ठेकेदारामार्फत भरती असली तरी भरतीसाठी उमेदवाराने पैसे द्यायचे नसतात.

जाण्याआधी एकदा रुग्णालय बघून या

मुलाखतीच्या दोन-तीन दिवस आधी तिथल्या ओपीडीत तासभर बसा. किती मजले आहेत, लिफ्ट कुठे, रॅम्प आहे का, वॉर्डबॉय कोणत्या रंगाच्या गणवेशात आहेत, ते पाहा. बसने किंवा लोकलने यायला लागणारा वेळ मोजा. सकाळची पाळी साधारण सात-आठला सुरू होते, त्या वेळेला पोहोचता येतं का? दुपारची पाळी सुटल्यावर परतीची शेवटची गाडी कितीची? "लांबून येता, जमेल का?" यावर "साडेपाचची पहिली बस मिळते, पावणेसातला पोहोचते, मी बघून आले" असं उत्तर आलं, तर आमचा पुढचा प्रश्नच उरत नाही.

कामाची उजळणी

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पुस्तक घेऊन बसायची गरज नाही, पण खालच्या गोष्टी तोंडावर हव्यात.

*हात धुणं.* "करून दाखवा" असं सांगतातच. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (हातावर चोळायच्या सॅनिटायझरने) २० ते ३० सेकंद. तळवे, हातांच्या मागची बाजू, बोटांच्या फटी, बोटांची मागची बाजू, अंगठे, शेवटी नखांची टोकं तळव्यावर. अंगठा हमखास विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेने हात धुण्याच्या पाच वेळा ठरवल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, जंतुविरहित कामाआधी, रक्त किंवा शरीरातल्या द्रवांशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावल्यावर आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. हातमोजे घातले होते म्हणून हात धुवायचे नाहीत असं होत नाही. बांगड्या, अंगठ्या, वाढलेली नखं आणि नेलपॉलिश घरीच सोडून या. ते आम्ही दारातून आत येतानाच पाहतो.

*कचऱ्याचे रंग.* २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग आणि शरीराचे काढलेले भाग. लाल पिशवीत आयव्ही सेट (सलाईनची नळी), कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी), युरीन बॅग, सुई काढलेली सिरिंज, हातमोजे. पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात काचेच्या बाटल्या आणि अँप्यूल (इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या). जेवणाचं उरलंसुरलं, फळांच्या साली, कागद हे यातल्या कशातच नाही, ते साध्या कचऱ्यात. रंग पाठ केले की आम्ही उलटा प्रश्न टाकतो: "पिवळ्या पिशवीत सुई दिसली तर?" हात घालून काढायची नाही. पिशवी हलवायची नाही, दाबायची नाही, सिस्टरला सांगायचं. कचरा उचलणाऱ्या कितीतरी मावश्यांना दुसऱ्याने चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई टोचलेली असते. म्हणून हा प्रश्न मी कधीच सोडत नाही.

*सुई टोचली तर.* वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. जागा पिळायची नाही, बोट तोंडात घालायचं नाही. लगेच इन्चार्जला सांगायचं, लपवायचं नाही. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. बोलणी बसतील या भीतीने गप्प बसणाऱ्याचे ते तास निघून जातात.

*रक्त सांडलं तर.* आधी लोकांना लांब करा, हातमोजे घाला, टिपकागद किंवा जुनं कापड टाका, त्यावर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक ओता, ठरलेला वेळ थांबा, मग उचला. थेट फडकं मारून पुसत सुटायचं नाही.

*पेशंटची ओळख.* वॉर्डमध्ये दोन पाटील असतातच. एक्स-रेला नेताना "तुम्ही पाटील ना?" असं विचारलंत, तर कमी ऐकू येणारे आजोबा मान डोलावतील आणि चुकीचा माणूस खाली जाईल. "तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारायचं आणि हातातल्या पट्टीवरचा नंबर फाईलशी जुळवायचा. पलंगाचा नंबर ही ओळख नव्हे, पलंग बदलतात. रक्ताचं सॅम्पल लॅबला नेतानाही हेच.

करून दाखवायच्या गोष्टी घरी करून बघा

पेशंट पलंगावर असताना चादर बदलणं हे बहुतेक ठिकाणी करून घेतात. घरी भावाला किंवा मैत्रिणीला झोपवा आणि करून पाहा. आधी बोला: "काका, चादर बदलतोय, थोडं कुशीवर वळवतो." पडदा ओढा. ज्या बाजूला पेशंट वळणार तिकडचा कठडा वर हवा किंवा तिथे दुसरा माणूस उभा हवा. मळकी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्या, नवी चादर अर्धी पसरून तिचीही गुंडाळी पाठीशी ठेवा, पेशंटला त्या उंचवट्यावरून दुसऱ्या कुशीवर वळवा, पलीकडून जुनी काढा आणि नवी ओढा. सुरकुती राहता कामा नये. सतत पडून असलेल्या माणसाला सुरकुतीनेही पाठीला जखम होते, आणि त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. मळकी चादर झटकायची नाही, अंगाशी धरायची नाही, जमिनीवर टाकायची नाही.

मग भावाला खाली उतरवून स्वतः खाटेवर पडा आणि त्याला तुमची चादर बदलायला सांगा. न बोलता कुणी आपल्याला वळवलं की कसं दचकायला होतं, ते एकदा अंगावर अनुभवलंत की मुलाखतीत "आधी पेशंटला सांगेन" हे वाक्य आपोआप येईल.

व्हीलचेअरवर बसवताना आधी ब्रेक, मग पायठेवणी वर. अर्धांगाच्या पेशंटसाठी खुर्ची चांगल्या बाजूला. काखेत हात घालून ओढायचं नाही. युरीन बॅग बरोबर न्यायची, ती कायम कमरेच्या खाली राहील पण जमिनीला टेकणार नाही अशी. उतारावरून खुर्ची उलटी उतरवायची, म्हणजे पेशंटचं तोंड वरच्या बाजूला राहतं आणि तो पुढे घसरत नाही. स्ट्रेचरवर कठडे वर, पट्टा बांधलेला, सपाट जागेत पाय पुढे आणि तुम्ही डोक्याच्या बाजूला, म्हणजे पेशंटचा चेहरा तुम्हाला दिसत राहतो. रॅम्प चढताना मात्र डोकं पुढे.

प्रसंग देऊन विचारले जाणारे प्रश्न

सलाईन संपलं आणि सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे आहे, तर? सांगायला जायचं. स्वतः बाटली बदलायची नाही, वेग कमी-जास्त करायचा नाही. ऑक्सिजनच्या चाकालाही हात लावायचा नाही.

याबद्दल थोडं जास्त बोलते, कारण चांगले उमेदवार इथेच घसरतात. छोट्या नर्सिंग होममध्ये काम केलेली मुलं अभिमानाने सांगतात, "मी सलाईन लावतो, इंजेक्शन देतो, टाके काढतो." त्यांच्याकडून तिथे ते करून घेतलेलं असतं, दोष त्यांचा नाही. पण मोठ्या रुग्णालयात हे ऐकलं की आम्ही घाबरतो. हा उद्या रात्री कुणी नसताना स्वतःच्या मनाने सुई उचलेल असं वाटतं. तुम्ही हे केलेलं असेल तर खोटं बोलू नका. असं सांगा: "तिथे माझ्याकडून करून घ्यायचे, पण ते माझं काम नाही हे मला माहीत आहे. इथे मी करणार नाही, सिस्टरना ट्रे लावून द्यायला मदत करेन." एवढ्याने तोच अनुभव तुमच्या बाजूने उभा राहतो.

पेशंट बाथरूममध्ये पडला तर? पटकन उचलायचं नाही. हाड मोडलेलं असेल तर उचलण्याने वाढतं. त्याच्याजवळ थांबायचं, आवाज द्यायचा, बेल दाबायची, सिस्टर किंवा डॉक्टर येऊन बघेपर्यंत हलवायचं नाही. आणि पडल्याचं लपवायचं नाही, तो "काही नाही झालं" म्हणाला तरीही.

नातेवाईक विचारतात, "रिपोर्ट काय आला हो दादा?" उत्तर: "डॉक्टर राउंडला येतील तेव्हा विचारा, मी सिस्टरना सांगून ठेवतो." फाईल तुमच्या हातात असली तरी ती वाचून सांगायची नसते. वॉर्डमध्ये फोटो काढायचा नाही, कोण ॲडमिट आहे हे बाहेर बोलायचं नाही, मग तो गावचा सरपंच असो की तुमचा शेजारी.

मुलगा झाला म्हणून घरच्यांनी पेढे आणि पाचशेची नोट पुढे केली, तर? हा प्रश्न मॅटर्निटीच्या मावश्यांना हमखास येतो. पेढा मिळाला तर तो सगळ्या स्टाफचा. पैसे नाही. "घेत नाही" असं नुसतं म्हणण्यापेक्षा कारण सांगा. एकाकडून घेतले की दुसऱ्याला वाटतं पैसे दिल्याशिवाय बेडपॅन मिळणार नाही, आणि ज्याच्याकडे नाहीत तो संकोचाने मागतच नाही. आपल्याकडच्या कितीतरी प्रसूतिगृहांत मुलीच्या जन्माला हात आखडतात आणि मुलाच्या जन्माला हक्काने मागतात. ती पद्धत मोडायची असेल तर मावशीपासूनच मोडते.

आग लागली तर? भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली. त्यामुळे हा प्रश्न आम्हाला नुसता विचारण्यापुरता वाटत नाही. क्रम लक्षात ठेवा: धोक्यात असलेल्या पेशंटला बाजूला घेणं, अलार्म आणि आरडाओरडा, दार बंद करून आग आणि धूर आतच अडवणं, मग जमण्यासारखी असेल तर विझवणं. लिफ्ट वापरायची नाही. ऑक्सिजन सिलिंडरजवळ तेल, ग्रीस, आगकाडी नको. मुलाखतीला जाताना तुम्ही स्वतः बाहेर पडायचा जिना कुठे पाहिलात, हेही कुणी विचारू शकतं.

तुमच्या समोर पेशंट गेला आणि मुलगा रडतो आहे, तर? याला तयार उत्तर नसतं. खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, गप्प उभं राहायचं. "देवाची इच्छा" वगैरे बोलायचं नाही. देह बांधताना चेहऱ्यावरून हात फिरवून डोळे मिटायचे, अंगावरचे दागिने सिस्टर आणि नातेवाइकांसमोर मोजून द्यायचे, लिहून सही घ्यायची. मंगळसूत्रासारख्या वस्तूवरून नंतर आरोप होतात. त्यातून तुम्हाला वाचवते ती वहीतली सही.

त्या दिवशी

साधे, स्वच्छ, इस्त्रीचे कपडे. पुढून बंद चप्पल किंवा बूट, मुलींनी केस बांधलेले. अत्तर नको, तंबाखू-मिश्री अजिबात नको. वॉर्डात तिचा वास लगेच येतो. पंधरा मिनिटं आधी पोहोचा. बाहेर बसल्यावर मोबाईल बंद करून ठेवा. बाकापाशी म्हातारी बाई उभी असेल तर जागा द्या. आमची रिसेप्शनिस्ट ते पाहते आणि नंतर मी तिला विचारते.

"स्वतःबद्दल सांगा" याला तीन-चार वाक्यं पुरेत: नाव, गाव, शिक्षण, आधी काय केलं, हे काम का. "मला समाजसेवेची आवड आहे" असं दहापैकी आठ जण म्हणतात. त्याऐवजी खरं कारण सांगा. घर चालवायचं आहे, स्थिर नोकरी हवी आहे, हेही चालतं. मराठीतच बोला. आमचे पेशंट खेड्यातून येतात, तुमची वऱ्हाडी किंवा मालवणी तिथे कामाला येते. येत नसेल ते "येत नाही, शिकेन" म्हणा.

तुम्ही काय विचाराल

"काही विचारायचं आहे का?" असं म्हटल्यावर गप्प बसू नका. नोकरी रुग्णालयाची की ठेकेदाराची? पगार किती, आणि पीएफ, ईएसआय (कामगारांचा राज्य विमा) कापून हातात किती? ईएसआयचं संरक्षण दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना मिळतं आणि त्यात तुमच्या कुटुंबाचे उपचार येतात, म्हणून नोंदणी होणार का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आठवड्याची सुट्टी कोणती, सलग किती नाईट, रात्री उशिरा सुटल्यावर मुलींसाठी गाडी आहे का, हातमोजे आणि मास्क रुग्णालय देतं का. पगार विचारल्याने कुणाचं वाईट मत होत नाही. ज्याचं होतं त्याच्याकडे काम न केलेलं बरं.

निवड झाली तर बऱ्याच ठिकाणी दोन-तीन दिवस ट्रायल घेतात. त्याचे पैसे मिळणार का, ते आधीच विचारा. त्या दिवसांत पाळी संपवून जाणाऱ्या वॉर्डबॉय मामांबरोबर वॉर्डाची एक फेरी मारा आणि तीन गोष्टी खिशातल्या वहीत लिहा: उपाशी कोण, कूस कुणाची बदलायची, आणि पडण्याची भीती कुणाची.